पाय नटाचा, कळ आपल्याला

रविवारची दुपार. जेवणानंतरची झोप तुम्ही सोडलीत, बायकोने ठेवणीतली साडी काढली, पार्किंगसाठी चौकाला तीन प्रदक्षिणा झाल्या. आणि तिकीटखिडकीशी येऊन बघता तर काचेवर चिकटपट्टीने लावलेला एक कागद: ‘प्रमुख कलाकाराच्या पायाला दुखापत झाल्यामुळे आजचा प्रयोग रद्द. तिकिटाचे पैसे परत मिळतील. क्षमस्व.’

अशा वेळी साधा माणूस विचारतो, “अरेरे, फार लागलं का हो?” तुम्ही साधे नाही, तुम्ही रसिक आहात. रसिकाचा पहिला प्रश्न असतो, “हे आधी कळवायला काय झालं होतं?” पाय मोडणाऱ्याने निदान दोन दिवस आधी सूचना द्यावी, एवढी माफक अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे? दुसरा प्रश्न लगेच जोडून टाकायचा: “पायच ना? तोंड तर चालतंय ना?” मग जिन्यावर उभं राहून, चार माणसांना ऐकू जाईल अशा बेताने, उपाय सुचवायला लागायचं. खुर्चीत बसून करता आलं असतं. काठी घेऊन करता आलं असतं, भूमिकेला उलट वजन आलं असतं. डॉक्टर म्हणाले विश्रांती घ्या? डॉक्टरचं काय जातंय सांगायला! ते हाडांचे तज्ज्ञ असतील, पण आपण पस्तीस वर्षं नाटकं बघतोय.

(गेल्या मंगळवारी तुम्हाला दोन शिंका आल्या आणि तुम्ही ऑफिसच्या ग्रुपवर ‘कणकण वाटतेय, आज येत नाही’ असं टाकून दिवसभर मॅच बघितलीत, हे इथे काढायचं कारण नाही. तुमची रजा शिल्लक होती.)

यानंतर इतिहास काढायचा. मराठी रसिकाच्या खिशात पाकीट नसेल एखाद वेळेस, पण बालगंधर्व असतातच. 12 मार्च 1911, मुंबई, किर्लोस्कर नाटक मंडळी, खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली, आणि त्या रात्री ते भामिनी म्हणून उभे राहिले. हे सांगताना आवाज थोडा खाली आणायचा, एक क्षण थांबायचं आणि मग काचेवरच्या कागदाकडे बोट दाखवायचं: “आणि हे बघा!” मुलगी गेलेल्या बापापुढे घोटा मुरगळलेल्या माणसाचं काय टिकणार? प्रयोग पुढे ढकलायची मंडळींची तयारी होती, गंधर्वांनीच हट्टाने उभं राहायचं ठरवलं, असंही सांगतात. पण तो तपशील जिन्यावरच्या सभेत सांगू नये. त्याने मुद्दा बोथट होतो.

मुद्दा अजून धारदार हवा असेल, तर तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर. दिवस भरलेले असताना फडावर नाचत होत्या. कळा आल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, नाळ दगडाने ठेचून तोडली आणि पुन्हा चाळ बांधून बाहेर आल्या. ही गोष्ट आपण एसीत बसून, पॉपकॉर्नचा डबा मांडीवर ठेवून एकमेकांना किती वेळा सांगितली असेल! मात्र तिचं शेपूट सांभाळून कापावं लागतं. बाई बाळंत होऊन आल्यात हे लक्षात आल्यावर समोरच्या प्रेक्षकांनीच हात जोडले, खेळ थांबवायला लावला आणि त्यांना आराम करायला पाठवलं, असं ही गोष्ट पूर्ण सांगणारे सांगतात. तिकीट काढून आलेली गावाकडची माणसं, बहुतेक दिवसभर शेतात राबून आलेली. त्यांना रसिकता कळत नव्हती, दुसरं काय! 2002 साली विठाबाई गेल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल भागवायला देणगीदार शोधावे लागले. आता त्यांच्या नावाचा राज्य पुरस्कार आहे, त्यामुळे हिशेब चुकता झाला असं धरून चालावं.

नटाला लागतं तरी कसं, असा प्रश्न एखाद्या भाबड्याला पडेल. त्याला सांगावं की हे लोक निष्काळजी असतात. दोन प्रवेशांच्या मध्ये काळोख होतो, तेवढ्या दहा-बारा सेकंदांत चप्पल बदलून, हातातला ट्रे ठेवून, वीतभर उंचीची पायरी चढून, जमिनीवर चिकटवलेल्या रेडियमच्या तुकड्यावर जाऊन उभं राहायचं असतं. त्यात अवघड काय आहे? आपण नाही का मध्यंतरानंतर अंधारात लोकांचे पाय तुडवत आपल्या खुर्चीवर जाऊन बसत! रात्रीचा प्रयोग नाशिकला, मग सेट भरून बस निघणार, पहाटे कधीतरी पुणे, दुपारी साडेबाराला बालगंधर्व रंगमंदिर, साडेपाचला कोथरूडचं यशवंतराव नाट्यगृह. बसमध्ये झोप मिळतेच की. मान खिडकीवर आणि पाय समोरच्या सीटवर ठेवून झोपण्यात जी मजा आहे, ती त्यांना कळत नाही.

आणि उकाडा? 2019 च्या उन्हाळ्यात सांगलीला ‘अलबत्या गलबत्या’च्या प्रयोगात वैभव मांगले चेटकिणीच्या जामानिम्यात भोवळ येऊन पडले. 2023 मध्ये रत्नागिरीत एसी बंद असलेल्या नाट्यगृहात भरत जाधवांनी घामाने निथळत प्रेक्षकांची हात जोडून माफी मागितली. या दुसऱ्या प्रसंगातून शिकण्यासारखं आहे. एसी ज्यांनी चालू ठेवायचा, त्यांनी माफी मागायची नसते. ज्याच्या अंगाला घाम येतो, त्याने मागायची. पायाचंही तेच. रंगमंचाची फळी उचकटलेली असली तर फळीला दोष देऊ नये. ती वर्षानुवर्षं तिथेच आहे, नट काल आला.

समजा निर्मात्याने प्रयोग रद्द न करता दुसरा नट उभा केला, तर मात्र तुम्ही जास्त जागरूक राहायला हवं. लंडनला मोठ्या भूमिकेसाठी आधीपासून पर्यायी नट तयार ठेवतात, त्याला त्याचा पगार असतो. आपल्याकडे नाईटवर, म्हणजे दर प्रयोगाच्या मानधनावर काम. प्रयोग झाला तर नाईट मिळणार, नाही झाला तर नाही. जो उभा राहिला त्याचीच नाईट, मग न उभं राहणाऱ्याला कोण पोसणार? त्यामुळे आपल्याकडचा बदली नट गुरुवारी रात्री फोन येऊन शुक्रवारी संहिता हातात घेतो, शनिवारी सेटवर एक तालीम करतो आणि रविवारी तुमच्यासमोर येतो. त्याने अडीच तासांचं नाटक दोन दिवसांत पाठ केलं, याने हुरळून जाऊ नका. तो एका ठिकाणी अडखळेल. त्या क्षणासाठी टपून बसा आणि तो आला की शेजारच्याच्या कानात म्हणा, “त्याची सर नाही.”

हे वाक्य जपून ठेवण्यासारखं आहे, कारण ते कधी शिळं होत नाही. 1970 साली डॉ. श्रीराम लागूंनी ‘नटसम्राट’ उभा केला. ते ती भूमिका करेनासे झाल्यावर दत्ता भट आले, तेव्हा लागूंची सर नव्हती. पुढे सतीश दुभाषी, यशवंत दत्त आले, तेव्हा त्यांना दत्ता भटांची सर नव्हती. आज आमच्या कॉलनीत एक काका आहेत, ते दत्ता भटांचं नाव निघालं की डोळे मिटतात. बदली म्हणून आलेला माणूस दंतकथा व्हायला साधारण एवढा वेळ लागतो. तोवर तुम्ही नाक मुरडायला मोकळे.

घरी आल्यावर तपासकार्य हाती घ्या. नटाचं फेसबुक पान उघडा. पायाला प्लास्टर घातलेला फोटो टाकला असेल तर ‘सहानुभूती मिळवायचे धंदे’. टाकला नसेल तर ‘फोटो का नाही?’ रात्री साडेआठच्या मालिकेत तो जिना धावत उतरताना दिसला तर लगेच स्क्रीनशॉट घेऊन ग्रुपवर टाका: ‘हा बघा मोडलेला पाय!’ मालिकेचे भाग आधी चित्रित होतात, असं कुणी सांगितलंच तर अंगठा दाखवून विषय बदला.

आता दुसरी बाजू. नट कधीकधी शहाण्यासारखं वागतो आणि दुखऱ्या पायाने प्रयोग करतो. असा एक प्रयोग मी पाहिलाय. पहिल्या अंकात कुणाला काही कळलं नाही. दुसऱ्या अंकात तो खुर्चीच्या पाठीला हात लावून जरा जास्त वेळ उभा राहत होता. शेवटाला निर्मात्याने माईकवर सांगितलं की घोटा सुजलेला असताना त्यांनी आजचा प्रयोग केला, आणि अख्खं नाट्यगृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या, तळहात लाल होईपर्यंत. शेजारचे गृहस्थ म्हणाले, “याला म्हणतात निष्ठा.” तिकिटाचे पैसे वसूल झाल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर ओसंडत होतं. नाटक कसं होतं, याबद्दल आम्ही दोघंही काही बोललो नाही.

मग रीतीप्रमाणे भेटायला रंगपटात गेलो. पंधरा-वीस माणसं आधीच आत होती. तो आरशासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता. एक पाय बर्फाच्या पाण्याच्या निळ्या बादलीत, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, क्रेप बँडेज सोडून मांडीवर ठेवलेलं. रंग अर्धा पुसलेला. प्रत्येकाला तो हसून नमस्कार करत होता. एक बाई मुलाला घेऊन पुढे झाल्या, प्रयोग फार सुंदर झाला म्हणाल्या, पायाला जपा असंही मनापासून म्हणाल्या. मग नवऱ्याच्या हातात मोबाइल दिला, मुलाला खुर्चीशेजारी उभं केलं आणि म्हणाल्या, “सर, जरा उभे राहता का? बसलेल्या फोटोत बादली येते.”

तो उभा राहिला. त्या मुलाच्या मागे रांग होती, रांगेत मी चौथा होतो.