सगळेच परफेक्शनिस्ट

फायनल इयरच्या पोरांना नोकरीसाठी तयार करायचं काम डिपार्टमेंटमध्ये कुणालाच नको असतं. मुलांना नोकरी लागली तर मुलं हुशार होती, नाही लागली तर मॅडमनी नीट तयारी करून घेतली नाही, असा साधा हिशोब असतो. ज्या मीटिंगमध्ये हे काम वाटलं गेलं त्या दिवशी मला ताप होता, आणि ताप उतरला तेव्हा मी प्लेसमेंट ट्रेनिंगची इनचार्ज झालेले होते. आता खरं सांगायचं तर मी आयुष्यात एकच नोकरी केलीय, ती हीच, आणि तिच्या इंटरव्ह्यूत मला विचारलेला सगळ्यात अवघड प्रश्न होता, "सोमवारपासून येऊ शकाल का?"

तरी कामाला लागले. रेझ्युमे मेल करा म्हटलं. पहिली मेल आली, सब्जेक्ट कोरा, आत फक्त "मॅम पीएफए", म्हणजे प्लीज फाइंड अटॅच्ड, आणि अटॅचमेंट नाही. कळवलं. दुसरी मेल आली, "सॉरी मॅम, पीएफए", अटॅचमेंट नाही. तिसऱ्या मेलला अटॅचमेंट होती, ती कुणाच्या तरी मांजराची. बाकीच्यांनी बरोबर पाठवलं पण प्रत्येकाच्या फाइलचं नाव "रेझ्युमे". सगळ्या डाउनलोड केल्यावर माझ्या फोल्डरमध्ये रेझ्युमे १, रेझ्युमे २ अशी जी रांग लागली त्यावरून एवढं कळलं की एचआरवाले लोक लवकर का चिडतात. फाइलला स्वतःचं नाव द्या रे, एवढं एक वाक्य मी पहिला अख्खा आठवडा बोलत होते.

आतला मजकूर तर सगळ्यांचा एकच. प्रत्येकाला "आव्हानात्मक वातावरणात आपल्या कौशल्यांचा पुरेपूर वापर" करायचाय, प्रत्येकजण टीम प्लेयर, शिवाय लीडरही. म्हणजे अख्खा वर्ग लीडर, मग टीममध्ये कोण उरलं हे विचारायचं नाही. एकाने स्किल्सच्या पुढे निळ्या पट्ट्या काढल्या होत्या, "कम्युनिकेशन ८५ टक्के". मी विचारलं, बाळा उरलेले १५ टक्के कुठे गेले? तो काही बोललाच नाही. म्हणजे आकडा बरोबर होता.

मग मी जरा वाचनबिचन केलं आणि वर्गात सांगितलं की 'द लॅडर्स' नावाच्या जॉब साइटने २०१८ मध्ये रिक्रूटरांच्या नजरेचा माग काढला होता, तेव्हा रेझ्युमेवरची पहिली नजर सरासरी ७.४ सेकंद टिकते असं निघालं. वाटलं पोरं हादरतील. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, मग आपण तीन आठवडे काय करतोय?" पॉइंट होता त्याचा.

आणि ती नजर पडायच्या आधी कित्येक कंपन्यांत सॉफ्टवेअर बसलेलं असतं, एटीएस म्हणतात त्याला, ते रेझ्युमेतला मजकूर उचलून आपल्या खणांत टाकतं. त्याला दोन कॉलमची, टेबलांची सजावट कधीकधी झेपत नाही. हे पटवायला मी एकीचा फार सुंदर डिझाइनचा रेझ्युमे कॉपी करून सगळ्यांसमोर नोटपॅडमध्ये पेस्ट केला, तर स्क्रीनवर आलं, "बीएस्सी पोहणे फोटोग्राफी ७२ टक्के". वर्ग पाच मिनिटं हसत होता, पण त्या रात्री बहुतेकांनी दोन कॉलमचा एक कॉलम केला. एक हुशार मात्र वेगळाच निघाला. त्याने जाहिरातीतले सगळे शब्द शेवटी पांढऱ्या अक्षरात टाकले होते, माणसाला दिसू नये आणि मशीनला दिसावं म्हणून. मी कंट्रोल ए दाबून सगळं सिलेक्ट केलं आणि पानाच्या तळाशी "दहा वर्षांचा अनुभव" असं उजळून निघालं. वय वर्षं एकवीस.

कव्हर लेटरबद्दल फार बोलत नाही. सगळी एआयने लिहिलेली, सगळी "अत्यंत उत्साहित". एकात "येथे कंपनीचे नाव टाका" असंच राहिलं होतं आणि त्या न टाकलेल्या कंपनीवर त्याचं लहानपणापासून प्रेम होतं.

मग मी लिओनार्दो दा विंची काढला. त्याने साधारण १४८२ मध्ये इटलीतल्या मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याला नोकरीसाठी पत्र लिहिलं, त्याचा मसुदा अजून आहे. वय तिशीच्या आसपास. स्फोर्झाला लढाया होत्या म्हणून या गड्याने मुद्द्यामागून मुद्दे लिहिले की मी हलके पूल बांधतो, तोफा बनवतो, झाकलेले रथ बनवतो, आणि चित्रकला? ती अगदी शेवटी, जाता जाता. समोरच्याला काय हवंय ते आधी लिहा, एवढंच मला सांगायचं होतं. सगळे लक्ष देऊन ऐकत होते. मी विचारलं, काही शंका? एक हात वर. "मॅडम, पॅकेज किती मिळालं त्याला?"

मॉक इंटरव्ह्यू हा माझा सगळ्यात वाईट काळ. "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की गाडी जन्मापासून निघते आणि बारावीला पोचेपर्यंत माझा चहा थंड. यावर उपाय म्हणून स्टार पद्धत शिकवली, आधी परिस्थिती, मग जबाबदारी, मग तुम्ही काय केलंत, मग निकाल काय लागला. एकाने परिस्थितीच एवढी रंगवून सांगितली की त्याची वेळ संपली तेव्हा त्याने अजून काहीच केलेलं नव्हतं. आणि तो वीकनेसचा प्रश्न! "माझा वीकनेस म्हणजे मी परफेक्शनिस्ट आहे." पहिला म्हणाला, दुसरी म्हणाली, तिसरा म्हणाला, सगळेच म्हणाले. अरे सगळे जर परफेक्शनिस्ट असाल तर दर सेमिस्टरला मित्राचं नाव तसंच ठेवून असाइनमेंट सबमिट कोण करतं? ऑनलाइन राउंडची प्रॅक्टिस घेतली तर अर्ध्या जणांचं फक्त कपाळ आणि वरचा पंखा दिसत होता, पंखा जास्त कॉन्फिडंट वाटत होता.

नेटवर्किंगवरही एक लेक्चर झालं. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा गाजलेला पेपर आहे, ओळखीतून नोकरी मिळवलेल्या लोकांना त्याने विचारलं की ही ओळखीची व्यक्ती तुम्हाला किती वेळा भेटायची, तर नेहमी भेटणारी सहातून साधारण एकाचीच, बाकी सगळ्यांची अधूनमधून किंवा क्वचित भेटणारी. जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं, नवी बातमी लांबून येते. म्हणून म्हटलं, जुन्या सीनियर्सना फोन करा. "फोन?" असं वर्ग एका सुरात म्हणाला, जणू मी कबुतर पाठवायला सांगितलंय. त्यातल्याच एकाने माझ्यासमोर वाजणारा फोन कट केला, अननोन नंबर म्हणून. तो एचआरचा होता. संध्याकाळी लिंक्डइनवर मला एक मेसेज आला, "आशा आहे आपण कुशल असाल, आपल्याशी जोडले जाण्यास मी उत्सुक आहे". पाठवणारी दुपारभर माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसली होती.

तीच पहिल्या बाकावरची. तिच्या रेझ्युमेत अनुभवाच्या खाली एक आडवी रेघ होती, बस. काहीच केलं नाहीस का गं? "नाही मॅडम, काहीच नाही." मग इकडचं तिकडचं बोलताना कळलं की कॉम्प्युटर लॅबवरून तीन बॅचेसची जी रोजची भांडणं व्हायची, ती मागच्या वर्षी बंद झाली ती हिच्यामुळे. हिने एक शीट बनवली, कुणाला कुठला स्लॉट, आला नाही तर पंधरा मिनिटांनी पुढच्याला, एकाच वेळी दोघांनी भरलं तर रकाना लाल. वर्षभर चालवली. सरांनाही वाटत होतं की लॅब आपोआप शांत झाली. मी म्हटलं, अगं हे लिही की! तर म्हणे, "मॅडम, ते काय काम थोडीच आहे, मला प्रॅक्टिकलला मशीन मिळत नव्हतं म्हणून केलं." तिकडे तो लिओनार्दो, पूल-तोफा बहुतेक कागदावरच असताना अख्खं पान भरून बसला, आणि इथे ही, चालू असलेली वस्तू लपवून ठेवतेय. तासभर वाद घातला मी तिच्याशी. शेवटी तिने दोन ओळी लिहिल्या, त्याही अशा चेहऱ्याने की जणू मी तिला खोटी साक्ष द्यायला लावतेय.

इंटरव्ह्यू झाल्यावर तिचा फोन आला (मेसेज नाही, फोन!). बाकी कुणी काही विचारलंच नाही म्हणे, वीस मिनिटं ते फक्त त्या शीटबद्दलच बोलत होते, आणि शेवटी त्यांच्यातले एकजण हळूच म्हणाले की आमच्याकडे मीटिंग रूमवरून रोज भांडणं होतात, ती शीट बघायला मिळेल का.

"आणि तू दिलीस? अगं, ऑफर लेटर हातात यायच्या आधीच?"

"दिली की. पण मॅडम, व्ह्यू ओन्ली दिलीय."