कावळ्याचं घर मे महिन्यात असतं

काल सकाळी आमच्या सोसायटीतल्या बदामाची छाटणी झाली. पावसाळ्याआधीची, दरवर्षीची. तिसऱ्या फांदीबरोबर कावळ्याचं घरटं खाली आलं. आत चार पिल्लं होती. दोन जागीच गेली, दोन संध्याकाळपर्यंत. छाटणाऱ्या मुलांना मी दोष देत नाही. वर घरटं आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्यातल्याच एकाने ते उचलून भिंतीच्या कडेला नीट ठेवलं.

एप्रिलपासून मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हा संसार बघत होते. आपला साधा गावकावळा, मानेला नि छातीला राख फासल्यासारखा. (अंगभर काळा, जाड चोचीचा तो डोमकावळा, तो वेगळा.) १८१७ साली याला शास्त्रीय नाव मिळालं कॉर्व्हस स्प्लेन्डेन्स. त्यातल्या स्प्लेन्डेन्सचा अर्थ झळाळणारा. सकाळच्या तिरप्या उन्हात त्याच्या पाठीवर निळा-जांभळा रंग कसा सरकतो ते एकदा बघा, नाव पटेल.

घर दोघांनी मिळून बांधलं. बाहेरून काटक्या आणि शेजारच्या बांधकामावरची तार, आत खराट्याचे हीर, नारळाच्या शेंड्या, माझ्या पायपुसण्याचे धागे. एक तार बसेना म्हणून त्यांनी ती तीनदा काढून परत घातली. पुढे सोळा-सतरा दिवस अंडी उबवणं. मे महिन्याच्या त्या उन्हात दोघं पाळीपाळीने चोच उघडी टाकून, धापा टाकत बसून असायचे. घरटं सोडलं नाही.

त्या चारांतलं एक पिल्लू त्यांचं नव्हतंच. ते दोन-तीन दिवस आधी अंड्यातून बाहेर आलं होतं, पिसंही त्याला आधी फुटली. ते कोकिळेचं होतं. मोठ्या फांदीवर काळा, लाल डोळ्यांचा कोकीळ ओरडून कावळ्यांना अंगावर घेतो, तेवढ्यात ती ठिपकेवाली मादी घरट्यात अंडं घालून निघून जाते. कोकीळ स्वतः घरटं बांधत नाही. आमच्याच बिल्डिंगमध्ये पहाटेची ती कुहू ऐकून फोनवर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकणारी माणसं आहेत. त्यांना मला एवढंच सांगायचंय की तो आवाज कावळ्याच्या घरट्यात वाढतो. काल जी फांदी गेली, तिच्यासोबत तोही गेला.

कावळा गरीब बिचारा आहे असं मी म्हणत नाही. तो चिमण्यांची पिल्लं उचलतो, हे मी पाहिलंय. जहाजांवरून आणि माणसांनी नेल्यामुळे तो पूर्व आफ्रिकेत पोचला आणि तिथल्या पक्ष्यांच्या जिवावर उठला. २०२४ साली केनियात दहा लाख कावळे मारायचं ठरलं, ते याच कावळ्यामुळे. पण तिथे तो उपरा आहे. इथे तो घरचा आहे. आपण जिथे वस्ती करतो तिथेच तो राहतो, आपण टाकलेलं खातो. १९७२च्या वन्यजीव कायद्यात त्याला उंदीर-घुशींच्या रांगेत उपद्रवी म्हणून बसवलं होतं. २०२२च्या दुरुस्तीत ती यादीच निघाली.

सोसायटीत तक्रार अशी की कावळा डोक्यावर टपली मारतो. मारतो, पण पिल्लं घरट्याबाहेर पडून खालच्या फांदीवर बसायला लागली की तेवढे काही दिवस. त्या दिवसांत छत्री घेऊन चाललं तर काम भागतं.

आई गेली तेव्हा दहाव्याला घाटावर आम्ही दीड तास थांबलो होतो. कावळा शिवेना. मामा हात जोडून एकेक वचन देत होते, "नातीचं शिक्षण आम्ही बघू, काळजी करू नकोस." शेवटी आला, भाताचं एक शीत उचललं आणि सगळ्यांनी श्वास सोडला. त्या एका शितासाठी आपण ज्याच्यापुढे हात जोडतो, त्याचं घर कुठल्या महिन्यात असतं हे आपल्याला माहीत असायला हवं होतं. मलाही काल सकाळी खाली धावत जायला उशीरच झाला.

छाटणी बंद करा असं माझं म्हणणं नाही. वादळात फांदी माणसावर पडते, तेही पाहिलंय. पण ती डिसेंबर-जानेवारीत करता येते. तेव्हा कावळ्याची घरटी रिकामी असतात. मेमध्ये खरंच धोक्याची फांदी असेल तर आधी वर बघावं आणि घरट्याची फांदी महिनाभर राखावी. अर्ज लिहून ठेवलाय, रविवारच्या सभेत देणार आहे. आमच्या इमारतीतल्या कुणाला सही करायची असेल तर दुसऱ्या मजल्यावर या.

आज सकाळी ते दोघं आले होते. भिंतीवरच्या घरट्यातून त्यांनी तीच तार ओढून काढली आणि समोरच्या आंब्यावर नेली.