आर्मगेडॉन आमच्या पुस्तकात नाहीये

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला, आणि सोसायटीतल्या एका काकांनी तर पर्सनलवर पाठवून विचारलं, "अगं, हे खरं का?" मेसेज थोडक्यात असा, की ज्यू म्हणजे येशूला न मानणारे ख्रिश्चनच, त्यांचं बायबल म्हणजे जुना करार, त्यातच लिहिलंय की लाल गाय मारून जेरुसलेमला तिसरं मंदिर बांधलं की आर्मगेडॉनचं, म्हणजे जगाच्या शेवटाचं, महायुद्ध होणार आणि मसीहा दुसऱ्यांदा येणार, आणि सगळे ज्यू त्याच दिवसाची तयारी करतायत. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, ठाण्यात वाढलेली, मूळ घर रेवदंड्याकडे. म्हणून लिहितेय. इस्रायल सरकारचं राजकारण यात आणत नाही, त्यावर ज्यूंमध्येच एकमत नाही. धर्माच्या नावावर जे खपवलंय तेवढ्याचंच बोलते.

आधी "जुना करार". जुना कधी म्हणणार, नवा आला असं मानलं तर ना? आमच्यासाठी नवा, म्हणजे येशूबद्दलचा बायबलचा भाग, आलाच नाही, त्यामुळे आमच्या पुस्तकाला आम्ही तनाख म्हणतो, तोरा, नवीईम आणि कतुवीम या तीन भागांची आद्याक्षरं जोडून. आता कोणी म्हणेल नावात काय आहे, मजकूर तर तोच. मजकूर बराचसा तोच, पण क्रम वेगळा, आणि क्रमानेच अर्थ बदलतो. ख्रिश्चनांचा जुना करार मलाखीच्या पुस्तकावर संपतो, तिथे शेवटी एलिया हा संदेष्टा येणार असं वचन आहे आणि पान उलटलं की लगेच नवा करार सुरू, म्हणजे वाचणाऱ्याला वाटतंच की आधीचं सगळं याच्यासाठीच चाललं होतं. तनाख संपतो इतिहासाच्या पुस्तकावर, इराणचा राजा कोरेश, म्हणजे सायरस, बाबेलात नेलेल्या ज्यू निर्वासितांना सांगतो की ज्याला जायचंय त्याने जेरुसलेमला वर जावं. बस, तिथेच संपतं. दुसरं म्हणजे दानीएलचं पुस्तक, शेवटच्या काळाची सगळी गणितं ज्याच्यावर मांडतात ते, आमच्याकडे संदेष्ट्यांच्या भागात नाहीच, ते कतुवीममध्ये आहे.

मसीहा हा शब्द मात्र मुळात आमचाच, माशियाख, म्हणजे तेलाने अभिषेक केलेला. शौल राजाला तो शब्द लावलाय, दावीद राजाला लावलाय, आणि यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ४५व्या अध्यायात तर त्याच परक्या कोरेशला लावलाय. त्यात देव असणं, देवाचा मुलगा असणं काही येत नाही. पुढे येणाऱ्या माशियाखबद्दल १२व्या शतकात मायमोनिडीस या मोठ्या ज्यू धर्मपंडिताने स्पष्ट लिहून ठेवलंय की तो दावीदाच्या वंशातला राजा असेल, माणूस, त्याने चमत्कार करून दाखवायची गरज नाही, आणि काम पूर्ण होण्याआधीच तो मारला गेला तर तो माशियाख नव्हताच असं समजायचं. उदाहरण रोमनांविरुद्ध बंड करणाऱ्या बार कोखबाचं दिलंय, रब्बी (म्हणजे ज्यू धर्मगुरू) अकिवासारख्या मोठ्या माणसाने त्याला माशियाख मानलं होतं, १३५ साली तो रोमनांकडून मारला गेला आणि विषय संपला. मग "दुसरं येणं" कुठून आणायचं? हबाद या कट्टर ज्यू पंथातले काही लोक १९९४ साली वारलेल्या आपल्या रब्बींबद्दल तसं मानतात हे खरंय, पण बाकीच्या ज्यूंना ते मान्य नाही.

आमच्या घरी माशियाखची वाट कशी बघायचे ते सांगते, कारण मेसेज लिहिणाऱ्याने असं घर कधी पाहिलेलं नसणार. आजी मोठं ताट घ्यायची, त्यात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं रचायची, हा मलिदा, आणि मग सगळे मिळून एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे त्याच एलिया संदेष्ट्याचं, गाणं म्हणायचे, कारण माशियाखच्या आधी एलियाहू येऊन सांगणार अशी श्रद्धा. लग्न असो, नवस असो, नवीन घर असो, मलिदा हवाच. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर खुणा आहेत, एलियाहूच्या घोड्याच्या टापा म्हणून आमचे लोक तिथे जातात. रक्त, आग, महायुद्ध यातलं काही मी त्या ताटाभोवती कधी ऐकलं नाही.

आता आर्मगेडॉन. हा शब्द नव्या करारातल्या प्रकटीकरण या पुस्तकात १६व्या अध्यायात येतो, तनाखमध्ये नाहीच. ज्यावरून तो शब्द आला असं मानतात ते मगिद्दो हे गाव तनाखमध्ये आहे, पण शेवटच्या युद्धाचं मैदान म्हणून नाही. गोग आणि मागोगचं युद्ध यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात आहे, ते मी नाकारत नाही, पण ती वेगळी कथा आहे. रॅप्चर, म्हणजे विश्वासू लोक अचानक वर उचलले जाणार, हे तर सगळ्या ख्रिश्चनांचंही नाही, १८३०च्या सुमारास जॉन डार्बी नावाच्या धर्मोपदेशकाने ते मांडलं आणि १९०९च्या स्कोफील्ड बायबलमधल्या टीपांनी अमेरिकेत घरोघरी नेलं. वसईच्या कुठल्याही कॅथलिक घरात विचारून बघा, त्यांच्या चर्चची ही शिकवण नाही.

लाल गाय खरी आहे, तोरातल्या गणना या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आहे. पण कशासाठी? प्रेताला हात लागला की येणारं सुतक फेडायला, तिची राख पाण्यात मिसळून शिंपडायची. मिश्ना या जुन्या ज्यू नियमग्रंथाप्रमाणे मोशेपासून मंदिर पडेपर्यंत अशा सात किंवा नऊ गायी झाल्या, जग तसंच चालू राहिलं. २०२२ साली टेक्सासमधून ५ लाल गायी विमानाने इस्रायलला आणल्या तेव्हा त्यात एव्हान्जेलिकल, म्हणजे बायबलवर कडक भर देणाऱ्या प्रोटेस्टंट, ख्रिश्चनांचा मोठा हात होता, हे मेसेजमध्ये का नाही? हो, मंदिर पुन्हा उभं राहावं ही प्रार्थना आम्ही दिवसातून तीनदा करतो, ते मी लपवणार नाही, आणि त्यासाठी आत्तापासून भांडी-वस्त्रं बनवून ठेवणारी मंडळीही जेरुसलेममध्ये आहेत. पण जुनं मंदिर जिथे होतं त्या जेरुसलेमच्या टेकडीच्या दाराशी इस्रायलच्या मुख्य रब्बींची पाटी आहे की तोराप्रमाणे इथे आत जायला मनाई आहे. आणि शेवट कधी येणार याची तारीख काढणाऱ्यांना तलमूद या आमच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात चक्क शाप आहे, त्यांची हाडं कुजोत म्हणून.

मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. डार्बीच्या मागून आलेल्या बऱ्याच प्रचारकांच्या कथेत तनाखमधल्या जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या १३व्या अध्यायाचा आधार घेऊन असं सांगतात की शेवटच्या संकटात दोन तृतीयांश ज्यू मरणार आणि उरलेले येशूला शरण जाणार. म्हणजे शेवटी ज्यू म्हणून कोणीच उरत नाही, ना माझी आजी, ना तिचं ताट, ना मी. ही कोणाची श्रद्धा असेल तर त्यांनी ठेवावी, मी भांडायला जाणार नाही, पण ती माझ्या नावावर लिहून ग्रुपवर फिरवू नका. काकांनाही मी हेच कळवलंय.