माईक आहे ना, मग टायपिंग कशाला?

आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर सध्या एकच वाद चाललाय. काकांची मधली नजर गेलीये, कडेचं थोडंफार दिसतं, आणि त्यांना टचस्क्रीनवर टायपिंग शिकायचंय. तर सगळे म्हणतायत, या वयात कशाला त्रास, माईक दाबून बोला की, फोन आपोआप लिहितो.

मी इकडे परदेशात शनिवारी लायब्ररीत नजर गेलेल्यांना हेच शिकवते, म्हणून माझं डोकं जास्त फिरतं. बँकेचा पासवर्ड बसमध्ये मोठ्याने बोलायचा का? स्वतःच्या दुखण्याबद्दल मुलीला लिहायचं तर घरभर ऐकवत लिहायचं? आणि माईकने भलताच शब्द लिहिला की तो खोडायला कर्सर हलवता यायलाच हवा, नाहीतर जे उमटलं ते तसंच पाठवा.

काच गुळगुळीत, बटणं हाताला लागत नाहीत हे खरंय. पण आयफोनमध्ये व्हॉईसओव्हर आणि अँड्रॉईडमध्ये टॉकबॅक ही स्क्रीन वाचून दाखवणारी सोय २००९ पासून आहे. बोट सरकवलं की खालचं अक्षर फोन बोलतो, हवं ते ऐकू आलं की दोनदा टॅप. बोट उचललं की अक्षर उमटतं अशी भरभर पद्धतही आहे, ती मी नंतर देते, कारण नवीन माणूस घाबरला की बोट उचलतोच. फोन हातात नाही, टेबलावर ठेवायचा, बोलण्याचा स्पीड कमी, आणि सगळ्यात आधी डिलीटचं बटण शोधायचं. चूक पुसता येते हे कळलं की हात सैल पडतो.

ज्यांना थोडं दिसतं त्यांचं उलट जास्त अवघड असतं. मान वाकडी करून, नाक स्क्रीनला लावून अक्षर शोधत बसतात, फोन काय बोलतोय तिकडे लक्षच नाही. मग मी स्क्रीन काळी करून टाकते, आवाज चालू ठेवून, ती सोय फोनमध्येच असते. आधी चिडतात. मग कुठे कान कामाला लागतात.

मराठीत अजून एक गंमत. 'कि' मधली वेलांटी दिसते आधी पण टाईप करायची नंतर, त्यामुळे आयुष्यभर डोळ्यांनी वाचलेला माणूस तिथे हमखास अडकतो, जन्मापासून न दिसणाऱ्याला मात्र त्यात काहीच वेगळं वाटत नाही कारण तो उच्चारतो त्याच क्रमाने अक्षरं टाकतो. ब्रेल येणारे तर थेट काचेवर सहा बोटांनी ब्रेलमध्येच टाईप करतात, आयफोनवर २०१४ पासून, अँड्रॉईडवर २०२० पासून. काकांना ब्रेल येत नाही, पण क्ष साठी क, हलन्त, ष एवढं त्यांना नक्की जमेल.

इकडे 'झेपेल का' असं कुणी विचारत नाही. नजर गेल्याचा दाखला मिळाला की शिकवायला ट्रेनर घरी येते (वेटिंग लिस्ट लांब असते, पण येते). आपल्याकडे माया इतकी की माणसाच्या हातातलं काम आपण काढून घेतो आणि त्याला सेवा म्हणतो. ग्रुपवर काकांच्या वतीने सगळे बोलले, काकांना कुणी विचारलं?

यावर चुलतभाऊ म्हणाला, तिकडे बसून सांगणं सोपं आहे. लागलं मला ते. काकांनी हाक मारली की तिथे कुणीतरी उठतं, इथे मी कुणाला हाक मारणार? उद्या माझी नजर गेली तर मला सगळं स्वतःच टाईप करावं लागेल, ही भीती माझ्या प्रत्येक वाक्यात आहे. आणि मला मराठीत चार ओळी लिहिणारं काकांशिवाय आता उरलंय तरी कोण, बाकीच्यांचे अंगठे आणि फॉरवर्ड. इतकी वर्षं इथे राहून मी तुमची किती उरलेय ते मला त्यांच्या मेसेजमधूनच कळतं, आणि ते मेसेज मला त्यांनी स्वतः लिहिलेलेच हवेत.

तर रविवारपासून मी त्यांना शिकवणार आहे, ते हो म्हणालेत. कुणीतरी दुसऱ्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून कॅमेरा त्यांच्या बोटांवर धरा. त्यांना वेळ लागला तरी मधे हात घालून बटण दाबायचं नाही.