ट्युलिप, साकुरा आणि माईचा गुडघा

भांडण फुलांवरून सुरू झालं आणि लघवीवर येऊन थांबलं. पासष्टी ओलांडलेल्यांच्या कट्ट्यावर दुसरं काय होणार!

आमचा कट्टा ठाण्याच्या तलावपाळीवर. गणपती नुकतेच होऊन गेलेले. बापूने खिशातून एक पत्रक काढून मांडीवर पसरलं. 'साकुरा स्पेशल, खास ज्येष्ठांसाठी'. साकुरा म्हणजे जपानमधली चेरीची फुलं. सात रात्री. टोकियो, हाकोने, क्योतो, हिरोशिमा, ओसाका. निघायचं २७ मार्चला.

"यात ज्येष्ठांसाठी खास काय आहे?" मी विचारलं.

बापूने पत्रक उलटसुलट करून पाहिलं. "जेवणात भात आहे."

अण्णाला मुळात जपानच नको. त्याची पुतणी आइंडहोव्हनला असते, त्यामुळे गेली तीन वर्षं त्याच्या डोक्यात ट्युलिप. "अरे, हॉलंडला, क्युकेनहॉफला चला. बत्तीस हेक्टरची बाग, सत्तर लाख कंद. जमीन आपल्या कॅरमसारखी सपाट. मागितली तर व्हीलचेअर पण मिळते."

"फुलं बघायला जायचंय की व्हीलचेअर?" बापू उखडला. याला व्हीलचेअरचा शब्दसुद्धा चालत नाही.

मास्तर इतका वेळ शेंगा सोलत होते. निवृत्त भूगोल शिक्षक, त्यामुळे वाद पुरता पेटल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. "बापू, २७ मार्चला फुलं असतील हे तुला कोणी सांगितलं?"

"पत्रकात फोटो आहे की!"

"क्योतोत साकुरा कधी फुलला याच्या नोंदी नवव्या शतकापासून सापडतात. साधारण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भर येतो. पण २०२१ साली २६ मार्चलाच आला, बाराशे वर्षांत इतका लवकर कधी आला नव्हता. आणि तू आत्ता सप्टेंबरात पैसे भरणार."

मग त्यांनी सांगितलं ते मला नवीन होतं. जपानभर जो साकुरा दिसतो त्यातली बहुतेक झाडं सोमेइ योशिनो या एकाच जातीची, तीही कलमं बांधून वाढवलेली. म्हणजे सगळी एकाच झाडाची पिल्लं. म्हणून एका गावातली सगळी एकदम फुलतात, आठवडाभर डोळ्यांचं पारणं फेडतात आणि एकदम गळतात. मध्ये एक जोराचा पाऊस आला की संपलंच. क्युकेनहॉफचं उलट. तिथे लवकर आणि उशिरा फुलणारे कंद एकाखाली एक असे थरांनी लावतात, म्हणून मार्चच्या मध्यापासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही जा, काही ना काही फुललेलं असतंच.

"ऐका!" अण्णा म्हणाला. "आठ आठवडे की आठ दिवस? मी काय वेगळं सांगत होतो?"

इथे मला तोंड घालावं लागलं. चार वर्षांपूर्वी मी मुलीबरोबर हॉलंडला गेलो होतो. फुलं सुंदर, वाद नाही. पण एका स्टेशनवर स्वच्छतागृहाच्या फाटकापुढे उभा राहून मी खिशात नाणी शोधत होतो, तो प्रसंग मी विसरलेलो नाही. तिथे बहुतेक ठिकाणी पैसे टाकून आत जायचं, आणि ते ठिकाण शोधायला आधी अर्धा किलोमीटर चालायचं. जपानमध्ये स्टेशन, बाग, कोपऱ्यावरचं दुकान, कुठेही जा, स्वच्छ आणि फुकट. अण्णाचं प्रोस्टेटचं ऑपरेशन पुढे ढकललेलं आहे हे कट्ट्याला ठाऊक आहे. तो गप्प झाला.

मास्तरांनी वर एक खिळा ठोकला. "वेळेचा फरक दोन्हीकडे साडेतीन तासांचाच. जपान पुढे, हॉलंड मागे. अण्णा, तू पहाटे चारला उठतोस. जपानात तेव्हा साडेसात झालेले असतील, नाश्ता तयार. हॉलंडमध्ये रात्रीचे साडेबारा. उठून काय भिंतीकडे बघत बसणार?"

एवढ्यात माई, अण्णाची बायको, तिसरी फेरी संपवून आली. गेल्या वर्षी उजव्या गुडघ्याची वाटी बदलली, तेव्हापासून ती आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त चालते. पत्रक बघून म्हणाली, "कुठेही जा. पण पुढच्या वर्षी पाडवा ७ एप्रिलला आहे आणि मी गुढी उभारल्याशिवाय घर सोडणार नाही."

"मग संपलं," बापू म्हणाला. "आठ तारखेला जाऊन काय बघणार, पाकळ्यांचा केर?"

मास्तरांचा चेहरा खुलला. वर्गात कोणी नेमका हवा तो प्रश्न विचारला की खुलायचा तसा. "माईवहिनी बरोबर सांगतायत. उशिरा फुलणाऱ्याच साकुराला जायचं."

क्योतोत निन्नाजी नावाचं मंदिर आहे. तिथली ओमुरो साकुरा शहरातली बाकीची झाडं झडायला लागल्यावर फुलते. शिवाय बुटकी, दोन-तीन मीटरची. फुलं डोळ्यांसमोर, मान वर करायची गरजच नाही. बापूने नकळत मानेच्या पट्ट्यावरून हात फिरवला. आणि ओसाकाला सरकारी टांकसाळ आहे, तिच्या आवारातला ५६० मीटरचा रस्ता एप्रिलमध्ये आठवडाभर लोकांना खुला करतात. १८८३ पासूनची प्रथा. तिथली बरीचशी झाडं दुहेरी-तिहेरी पाकळ्यांच्या जातींची, तीही उशिरा फुलणारी. चालायचं एकाच दिशेने, म्हणजे अण्णा हरवणार नाही. तारखा मात्र टांकसाळ त्या-त्या वर्षीच जाहीर करते, आणि आधी नाव नोंदवावं लागतं.

"टांकसाळ!" बापू, बत्तीस वर्षं बँकेत नोटा मोजलेला माणूस, पहिल्यांदा हसला. "पण टोकियो?"

"टोकियो गाळायचं."

इथे खरी ठिणगी पडली. टोकियो न बघता जपान बघितलं म्हणणार कसं, लोक काय म्हणतील, फुजी राहिला. बापू पंधरा मिनिटं बोलत होता. मला मात्र मास्तरांचं पटलं. आपल्या वयात पाय थकतात ते फुलं बघून नाही, रोज सकाळी बॅग भरून. कान्साई विमानतळावर उतरायचं, थेट गाडीने सव्वा तासात क्योतो, आणि आठ दिवस एकाच हॉटेलात मुक्काम. ओसाका तिथून सकाळी जाऊन दुपारी परत येण्यासारखं. रेल्वेचा सात दिवसांचा तो प्रसिद्ध पासही लागत नाही. २०२३च्या ऑक्टोबरात तो २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला, म्हणजे पाच शहरं पळण्याचे पैसे वर आपणच द्यायचे. दुपारी जेवून तासभर पडायचं. कोणत्याही पत्रकात दुपारची झोप नसते. संध्याकाळी कालव्याकाठच्या त्या 'तत्त्वज्ञांच्या वाटे'वर दोन किलोमीटर सपाट चालायचं. गळलेल्या पाकळ्यांचा पाण्यावर थर साचतो, त्याला जपानी लोक फुलांचा तराफा म्हणतात. बापूचा केर तो हाच.

किओमिझू मंदिर चढावर आहे आणि फुशिमी इनारीला डोंगरभर पायऱ्या. तिथे खालूनच नमस्कार, हे माईने ठरवून टाकलं.

जेवणावर माझी आणि मास्तरांची जुंपली. ते पक्के शाकाहारी. साधं मिसो सूप घेतलं तरी त्यात सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, दिसत नाही. त्यांनी मंदिरांमधलं भिक्षूंचं जेवण शोधून ठेवलंय, त्यात समुद्री शेवाळाचा अर्क चालतो. मी म्हटलं, आठ दिवस टोफू खाऊन तुम्हीच भिक्षू व्हाल. आंबट प्लमचा भाताचा गोळा कुठेही मिळतो, शिवाय माई मेतकूट घेणार आहेच.

औषधांचं मात्र गंमतीवर नेण्यासारखं नाही. रोजच्या गोळ्या एक महिन्यापर्यंतच्या सहज नेता येतात, त्याहून जास्त असतील तर आधी परवानगी काढावी लागते. दहा टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेलं सर्दीचं औषध न्यायला बंदीच. कोडीनवालं खोकल्याचं औषधही घरीच ठेवलेलं बरं. आणि विम्याच्या अर्जात बीपी-शुगर लपवायचं नाही. हे मी बापूकडे बघून म्हटलं, तो तलावाकडे बघत होता.

विमानतळावरच्या व्हीलचेअरवर अजून एकमत नाही. "मी चालू शकतो," बापू म्हणतो. माई म्हणते, "चाल की. मी बसते, तू ढकल."

परवा रात्री अण्णाचा फोन आला. त्याचा पासपोर्ट फेब्रुवारीतच संपतोय. नव्या फोटोसाठी दाढी करायची की ठेवायची, म्हणून विचारत होता.