फेटेवाला आज्जा आणि कुंद्याची चव: निपाणीकरांच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार निपाणीकर,

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: कुंद्याच्या, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईच्या, दुकानाच्या वेबसाइटवर ओळखचित्र म्हणून फेटेवाला आज्जा उभा केला म्हणून गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही, ते चव बघतं. कुठं १९६६ पासूनची अमूलची मुलगी आणि कुठं गल्लीतलं दुकान!

निम्मं मान्य. पहिल्यांदा साइट उघडणाऱ्याला आज्जा काहीच पटवून देऊ शकत नाही. त्या मुलीच्या मागंही घराघरांत पोचलेलं बटर होतं. चित्रानं ओळख धरून ठेवली. पण बेळगावच्या शहापुरात काउंटरवर चमचाभर कुंदा हातावर मिळतो, पुण्यातल्या माणसाला मोबाइलवर तो कुठून मिळणार? आज्जा कामाला येतो तो दुसऱ्या खेपेला. डब्यावर बघितलेला चेहरा साइटवर, बिलावर, व्हॉट्सॲपच्या गोलात दिसला की आपण बरोबर दारात आलो एवढं कळतं. म्हणून आधी डबा, मग साइट. उलटं केलं की पैसे वाया.

पहिल्या खेपेचा विश्वास कंटाळवाण्या गोष्टींवर बसतो: पूर्ण पत्ता, पिनकोड, उचलला जाणारा फोन, १४ अंकी एफएसएसएआय (खाद्य परवान्याचा) क्रमांक, कुंदा कधी बनवला नि किती दिवस टिकतो. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंकही बघणारे बघतात. कर्नाटकाचे २९, महाराष्ट्राचे २७. आज्जा ‘थेट बेळगावातनं’ म्हणतोय आणि क्रमांक २७ चा, म्हणजे बिल महाराष्ट्रातल्या नोंदणीवर निघतंय. त्यात गैर काही नाही, पण मग ते वाक्य आज्ज्याच्या तोंडी घालू नये.

तयार चित्रांतनं उचललेला म्हातारा बऱ्याचदा राजस्थानी साफा बांधून येतो, आणि तोच आणखी कुणाच्या तरी लोणच्यावर हसत असतो. गूगल लेन्सला दाखवलं की दोन मिनिटांत उघडं पडतं. चित्र काढूनच घ्या. चित्राची एसव्हीजी प्रकारची फाइल मागा, कितीही मोठी केली तरी कड फाटत नाही. १६ पिक्सेलच्या फेविकॉनसाठी, म्हणजे ब्राउझरच्या टॅबवरच्या चिमुकल्या चित्रासाठी, नुसता फेटा नि मिशा, असा वेगळा आकार लागतो. अख्खा आज्जा तिथं डागासारखा दिसतो. आणि हक्क लेखी घ्या. करारात मुदत लिहिली नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं हस्तांतर ५ वर्षांचंच धरतात.

बोलणं चित्रात कोरू नका. मराठी नि कन्नड वाक्यं एका लांबीची नसतात, फुगा पुरत नाही. ‘आज्जा’ हे नाव दोन्हीकडं चालतं, ते बरं.

मायक्रोसॉफ्ट ऑफिस ९७ मधली क्लिपी, ती डोळे असलेली कागदाची क्लिप, आठवते? नको म्हटलं तरी पत्र लिहायला मदत करायला हजर. २००१ च्या ऑफिस एक्सपीत मायक्रोसॉफ्टनं ती आधीपासूनच बंद ठेवून दिली, ऑफिस २००७ मधून काढूनच टाकली. चॅटच्या कोपऱ्यात उड्या मारणारा आज्जा तेच करतो. एकदा बंद केला की त्या गिऱ्हाइकाला तो आपणहून परत दिसू नये. पैसे भरायच्या पानावर नकोच. तक्रारीच्या पानावर तर मुळीच नको. डबा फुटून आलेल्या माणसाला ते हसू खिजवल्यासारखं वाटतं. तिथं कुणाशी बोलायचं, कुठल्या नंबरवर, पैसे किती दिवसांत परत, एवढंच लिहा.

नमुन्यातल्या फेट्याचा लाल रंग भडक आहे म्हणालात, ते मात्र खरंय ओ.