‘हे ७०७ नव्हे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि मनापासून लिहिलेली आहे. तिला नुसते आभार मानून मोकळं होणं मला पटेना, म्हणून हे वेगळं उत्तर.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. एअर इंडियाच्या बोइंग ७०७ची १:२४ प्रमाणातली, इंजिन नसलेली, डोंगरउतारावर चढणाऱ्या वाऱ्यावर तरंगणारी प्रतिकृती मी बांधली. गेल्या लेखात तिच्या रंगकामाबद्दल लिहिलं होतं. काकांनी सांताक्रूझच्या हँगरमध्ये या विमानांवर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांचा आक्षेप असा: पंखांचं डायहेड्रल (टोकाकडे वर उचललेला कोन) खऱ्यापेक्षा कमी आहे, फिन (शेपटीचा उभा पंख) आणि टेलप्लेन (आडवा पंख) मोठे आहेत, चाकं नाहीत, इंजिनं नुसती दिखाऊ आहेत. आणि इतकं बदलल्यावर लाल पट्टा नि खिडक्यांवर महिने घालवायचे कशाला? ‘हे ७०७ नव्हे, ७०७चे कपडे घातलेलं ग्लायडर आहे,’ हे त्यांचं वाक्य. काचतंतूंचं काचकापड आणि ते घट्ट बसवणारं रेझिन चढवून वजन उगाच वाढवलं, प्लास्टिकच्या फिल्मने भागलं असतं, हाही एक मुद्दा.

डायहेड्रलपासून सुरुवात करतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. खऱ्या ७०७चे पंख सात अंश वर उचललेले असतात, माझ्या मॉडेलचे चार. मोजपट्टी लावली तर तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण ३५ अंश मागे वळलेला पंख स्वतःच डायहेड्रलसारखं काम करतो. विमान एका बाजूला घसरलं की त्या बाजूचा पंख वाऱ्याला जास्त सरळ सामोरा जातो, त्याची उचल वाढते आणि विमान उलट बाजूला कलतं. त्यात खरं डायहेड्रल पूर्ण ठेवलं की डच रोल आलाच: शेपूट एकीकडे, पंख दुसरीकडे, आणि हे झुलणं थांबायचं नाव घेत नाही. ७०७ला हा दोष होता हे मी तुम्हाला काय सांगणार! १९५९च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टन राज्यात ब्रॅनिफचं ७०७ प्रशिक्षणाच्या उड्डाणात डच रोल हाताबाहेर गेल्यामुळे कोसळलं. त्या झुलण्यात त्याची इंजिनं तुटून पडली होती. खऱ्या विमानात यॉ डॅम्पर, म्हणजे हे झुलणं आपोआप आवरणारी यंत्रणा, होती. माझ्या मॉडेलमध्ये एक रेडिओ रिसीव्हर, चार सर्व्हो (सुकाणूचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटारी) आणि एक बॅटरी आहे, बास. यॉ डॅम्परचं काम मला भूमितीकडूनच करून घ्यावं लागतं.

मोठ्या फिनचंही तेच. इथे तर मी बोइंगच्याच पावलावर पाऊल टाकलंय. बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीच्या, रोल्स-रॉइस कॉनवे इंजिनवाल्या ७०७ला ब्रिटिश प्रमाणपत्र द्यायची वेळ आली, तेव्हा तिथल्या एअर रजिस्ट्रेशन बोर्डाचे मुख्य चाचणी वैमानिक डी. पी. डेव्हिस यांनी दिशास्थैर्य अपुरं आहे म्हणून अडवून धरलं. बोइंगने फिन उंच केला, पोटाखाली छोटा फिन जोडला, आणि हे बदल पुढे ७०७च्या कुटुंबात पसरले. म्हणजे ‘मूळ’ ७०७ची शेपटीसुद्धा गरजेप्रमाणे वाढलेलीच आहे. मी ती आणखी बारा टक्के वाढवली, तर त्याला प्रतारणा कसं म्हणायचं?

आता हे सगळं मुळात का करावं लागतं? मॉडेल लहान झालं, तरी हवा लहान होत नाही. प्रवासाच्या उंचीवर आणि वेगात खऱ्या पंखाचा रेनॉल्ड्स आकडा (आकार आणि वेगाच्या तुलनेत हवेचा चिकटपणा किती कमी, ते सांगणारा) चार कोटींच्या घरात असतो. माझ्या पंखाचा सरासरी दोन लाख, आणि टोकाला, जिथे पंख जेमतेम ११ सेंटीमीटर रुंद आहे, तिथे एक लाखाच्याही खाली. एवढ्या कमी आकड्यावर हवेचा थर पंखाला धरून राहायला तयार नसतो. मागे वळलेल्या पंखाचं टोक आधी स्टॉल होतं (उचल गमावतं) आणि विमान पाठीवर पडतं. म्हणून बोइंगचा छेद (पंखाच्या कापाचा आकार) सोडून मी एसडी-६०६० हा मॉडेल ग्लायडरचा छेद वापरला आणि टोकाला दोन अंश वॉशआउट (पुढची कड खाली नेणारा पीळ) दिला. खरा छेद जशाच्या तसा ठेवला असता, तर ते काचेच्या कपाटातलं सुंदर मॉडेल झालं असतं. कपाटातल्या मॉडेलांबद्दल मला आदरच आहे, पण मला ते उडताना बघायचं होतं.

आणि उडताना ते कसं दिसतं, यातच तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आहे. १:२४ मॉडेलचा वेग खऱ्या विमानाच्या वेगाशी ताडून बघायचा, तर २४च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ४.९ने गुणायचं. माझं विमान सेकंदाला १४ मीटरने उडतं. गुणाकार केला की तासाला अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेग येतो. काका, हा ७०७चा उतरतानाचा वेग! सांताक्रूझच्या धावपट्टीकडे येणारं ७०७ जितक्या सावकाश, जितक्या भारदस्तपणे डोक्यावरून जायचं, तितक्याच सावकाश ते टेकडीच्या कडेवरून जातं. त्यात चार डक्टेड फॅन (नळीत बसवलेले विजेचे पंखे) आणि त्यांना पुरेल एवढी बॅटरी घातली, तर किलोभर वजन वाढेल, त्याबरोबर वेग वाढेल, आणि नेमकी ही चाल हरवेल. शिवाय चार-पाच मिनिटांत खाली यावं लागेल. वाऱ्यावर ते वारा असेपर्यंत उडतं. ब्रिटनमध्ये इंजिनवाल्या विमानांची अशी बिनइंजिनाची मॉडेलं कित्येक वर्षं उडवली जातात. वेल्समधल्या लँडुडनोजवळचा ग्रेट ऑर्म हा समुद्रात घुसलेला डोंगर त्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे मावळात पश्चिमेला तोंड असलेल्या टेकड्यांवर उन्हाळ्यातल्या दुपारी तसाच वारा मिळतो. (पॅराग्लायडरवाले हवेत असतील तेव्हा मॉडेल पिशवीतच ठेवायचं, हे नव्यांसाठी सांगून ठेवतो. यात तडजोड नाही.)

चाकं नाहीत, कारण उतरायला धावपट्टी नाही. उतरायचं ते वाळलेल्या गवतावर, पोटावर, आणि गवताखाली कातळ कुठे डोकं काढेल याचा नेम नाही. इंजिनांच्या पॉडना (कवचांना) पायलॉनपाशी, म्हणजे ते पंखाला जोडणाऱ्या खांबापाशी, चुंबक लावलेत. काही अडकलं की पॉड सुटतो आणि पंख वाचतो.

काचकापडाचा मुद्दाही यालाच जोडून येतो. हिशेब मांडूनच बघू. पंख, धड, शेपूट मिळून विमानाचा पृष्ठभाग साधारण दोन चौरस मीटर भरतो. चौरस मीटरला २५ ग्रॅमचं कापड आणि जास्तीचं रेझिन जुन्या प्लास्टिक कार्डाने ओढून काढलं, तर वजन चौरस मीटरला ५५ ग्रॅमच्या आसपास राहतं. म्हणजे सगळ्या विमानाला ११० ग्रॅम. इस्त्रीने लावायची फिल्मही चौरस मीटरला साठेक ग्रॅम भरते. वाचलं काय? रंगाचं वजन वेगळं, हे मान्य. प्रायमर धरून तेही शंभर-सव्वाशे ग्रॅम. पण २.४ किलोच्या विमानात, चौरस डेसिमीटरला ५० ग्रॅमच्या भारावर, एवढं वजन वारा सहज उचलतो. त्या बदल्यात कातळावर घासलं तरी बाल्साच्या हलक्या लाकडात खड्डा पडत नाही. फिल्म आपल्या उन्हात, विशेषतः बंद गाडीत, सैल पडून सुरकुतते. आणि ७०७चं धड हे दोन वर्तुळं एकावर एक बसवल्यासारखं आहे. त्यावर फिल्मचा सांधा लपवणं जवळजवळ अशक्य. शेपटीकडच्या वजनाची भीती प्रत्येक मॉडेलवाल्याला असते, पण प्रवासी विमानाचं नाक लांब असल्यामुळे शेपटीतल्या एका ग्रॅमला तोलासाठी नाकात साधारण एकच ग्रॅम लागतो. आखूड नाकाच्या लढाऊ विमानात तीन-तीन लागतात.

प्रायमरबद्दल एवढंच, की तो लावायचा तो बहुतेक सगळा परत घासून काढण्यासाठी. पाण्याचा ४०० नंबरचा पेपर, मग ६००चा. कापडाची वीण भरली आणि बाकी पृष्ठभाग पुन्हा दिसू लागला की थांबायचं.

लाल पट्ट्यावर मात्र मी खरंच वेळ घालवला, आणि तो सार्थकी लागला असं माझं ठाम मत आहे. पट्टा धडाच्या वळणावरून जातो. बाजूने बघताना सरळ दिसणारी रेघ नाकापाशी खाली घसरल्यासारखी दिसते. त्यामुळे धड पाळण्यात पक्कं करून लेझरची आडवी रेघ टाकली, त्या रेघेवर पेन्सिलचे ठिपके दिले आणि ठिपक्यांवरून बारीक व्हिनाइल टेप ओढली. टेप चिकटवल्यावर तिच्या कडेवर आधी पांढऱ्याचाच एक हलका हात मारायचा. टेपखाली जे काही झिरपायचं ते पांढरंच झिरपतं, कड बंद होते, आणि मग लाल मारला की रेघ ब्लेडने कापल्यासारखी येते. खिडक्या नंबरप्लेटवाल्या रेडियमच्या दुकानात कापून घेतल्या, एकेक साधारण सेंटीमीटरभर रुंद. नाकावर ‘अन्नपूर्णा’ लिहिलं, कारण आपल्या ७०७ना हिमालयाच्या शिखरांची नावं होती.

पोटाचं उघडं ॲल्युमिनियम फॉइलने का केलं नाही, असंही तुम्ही विचारलंत. फॉइल चकाकते छान, पण रेडिओ अडवते, आणि रिसीव्हर आत असतो. म्हणून चंदेरी रंग वापरला, अँटेनाची दोन्ही टोकं वरच्या पांढऱ्या भागाच्या आत बसवली आणि शेजारशेजारचे पत्रे मास्क करून किंचित वेगळ्या छटांत रंगवले. खऱ्या विमानाच्या पत्र्यांवर प्रकाश असाच वेगवेगळा पडतो. पंखांचा राखाडी मुद्दाम गडद ठेवलाय. उन्हाळ्यात मावळचं आकाश धुरकट असतं, त्यात फिकट पंख विरघळून जातो आणि विमान येतंय की जातंय हेच कळेनासं होतं.

दीडशे मीटरवरून खिडक्या मोजता येत नाहीत, हे खरं. पण पांढरं छत, लाल रेघ आणि चकाकणारं पोट या तिन्हींची प्रमाणं डोळा लगेच ओळखतो. भूमिती मी हवेसाठी बदलली. पंखांचा राखाडी सोडला, तर रंग एका मिलिमीटरनेही बदलला नाही, कारण त्याला बदलायला हवेने मला काही कारण दिलेलं नाही.

तुमची एक गोष्ट मात्र मला पुढे न्यायची आहे. ‘विमान इतकं स्वच्छ कधीच नसायचं,’ असं तुम्ही शेवटी लिहिलंत. छायाचित्रांतून मळ नीट कळत नाही, कारण बहुतेक फोटो विमान धुतल्यावरचे असतात. पंख मुळाशी धडाला मिळतो तिथे, फ्लॅपच्या मागे, स्कायड्रॉल या हायड्रॉलिक द्रवाचे ओघळ कसे यायचे? ते जांभळट राहायचे की धूळ बसून तपकिरी व्हायचे? कॉनवेच्या धुराची काजळी पायलॉनवर किती मागपर्यंत जायची? आठवेल तसं, तुकड्यातुकड्यांत लिहिलंत तरी चालेल. वरचा पारदर्शक क्लिअर कोट मी अजून मारलेला नाही.